अकरा अक्षरांचा शब्द

मित्रांनो, माझ्या पाठीवर जाड दोऱ्याची शिवण दिसते आहे ना, ती वयामुळे आलेली नाही. मी एक जुना शब्दकोश आहे हे खरे. इंग्रजी शब्दांचे आपल्या भाषेतले अर्थ सांगणारा, अकराशे पानांचा, निळ्या कापडी बांधणीचा. पण माझी पाठ उकलली ती एका मुलीच्या रागाने, आणि तो राग खोटा नव्हता. तिला हवा असलेला शब्द माझ्या पोटात होता. मी तिच्यापासून सात-आठ हातांवर होतो. तरी मी तिच्या कामी आलो नाही. त्याचीच ही हकिगत आहे.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. तिथे शिशाचे एकेक अक्षर चिमट्याने उचलून ओळीत बसवत. माझी पाने छापून झाली, तेव्हा एका बांधणीवाल्या बाईने ती दाभणाने शिवली. कडेला तिने अर्धगोल खाचा पाडल्या, एकेका अक्षरासाठी एकेक. खाचेत अंगठा घातला की हवे ते अक्षर उघडते.

तिथून मी गेलो एका वर्तमानपत्राच्या कचेरीत. माझे पहिले मालक तिथले मुद्रितशोधक होते. पान छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका पकडायच्या, हे त्यांचे काम. हातात सदा भिंग असे, म्हणून सगळे त्यांना भिंगकाका म्हणत. परदेशाहून आलेल्या इंग्रजी बातम्या भराभर आपल्या भाषेत आणाव्या लागत, आणि प्रत्येक अडलेला शब्द माझ्यापाशी येई. दिवसातून पन्नास वेळा तरी मी उघडला जाई. माझ्या कोपऱ्यांना शाई लागली, मधल्या पानांवर चहा सांडला, एकदा तर एका घाईतल्या उपसंपादकाने माझ्यावर पाव ठेवून खाल्ला. मला त्याचे काही वाटले नाही. काम करणाऱ्याचे कपडे मळायचेच.

भिंगकाकांची एक खोड होती. एखाद्या शब्दाने त्यांना फसवले, की ते लाल पेन्सिलीने त्याच्या शेजारी समासात खूण करून ठेवत. माझ्यात अशा चाळीस-पन्नास तरी लाल खुणा आहेत. नोकरी संपली त्या दिवशी त्यांनी मला काखेत मारले आणि ते लहानपणी ज्या शाळेत शिकले होते तिथे आणून दिले.

मित्रांनो, आता शाळेचे ऐका. ती साधीच होती. चार खोल्या, एक लांब पडवी आणि मागे एक नळ. मी आलो त्या वर्षी तिच्यावर संकट आले होते. रस्त्यापलीकडे एक नवी, रंगीत शाळा उघडली होती आणि तिथे पहिलीपासून इंग्रजी शिकवत. आपल्या शाळेतली मुले एकेक करून तिकडे निघाली होती. पट आणखी खाली गेला तर शाळेला टाळे लागणार, असे पत्र मुख्याध्यापकांच्या टेबलावर आले होते. ते पत्र उडू नये म्हणून त्यांनी त्यावर मला ठेवले होते. त्यामुळे पुढचे बोलणे मी अगदी जवळून ऐकले.

"आपणही इंग्रजी सुरू करू," मुख्याध्यापक म्हणाले. "पण शिकवणार कोण?"

खोलीत चार शिक्षक होते. तिघांनी खाली पाहिले. चौथ्या होत्या बालवर्गाच्या बाई. वयाने सगळ्यांत लहान, आणि सगळ्यांत शेवटी लागलेल्या. शाळा बंद पडली तर सगळ्यांत आधी त्यांची नोकरी जाणार होती.

"मी शिकवते," बाई म्हणाल्या.

"इंग्रजी येतं ना तुम्हाला?"

"येतं."

उत्तर आले खरे, पण एक श्वास उशिरा आले. मुख्याध्यापकांच्या ते लक्षात आले नाही. माझ्या आले.

खरे सांगायचे तर बाईंना इंग्रजी येत होते, पण काठाकाठाने. पोहणाऱ्याला नदीत पाय टेकतात तिथवरच धीर असावा, तसे. मग त्यांनी स्वतःच शिकायला सुरुवात केली. शेजारच्या दुकानातून त्या आदल्या दिवसाचे इंग्रजी वर्तमानपत्र मागून आणत. रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या ऐकत आणि निवेदिकेच्या मागोमाग तीच वाक्ये पुटपुटत. आणि आदल्या दिवशी स्वतः जे शिकल्या, तेच दुसऱ्या दिवशी मुलांना खेळातून शिकवत.

ते खेळ मी काचेआडून पाहिले. हो, काचेआडून. कारण मुख्याध्यापकांनी मला चौथीच्या वर्गातल्या काचेच्या कपाटात, सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवले होते. शेजारी शाळेला कधीकाळी धावण्याच्या शर्यतीत मिळालेला चषक. "एवढा मोठा कोश पंचक्रोशीतल्या एकाही शाळेत नाही," ते सगळ्यांना सांगत. "पोरांच्या हाती गेला तर आठ दिवसांत चिंध्या होतील. बघा, पण लांबून." मग त्यांनी कपाटाला कुलूप घातले आणि किल्ली आपल्या जुडग्यात अडकवली. तळहातावरच्या फोडासारखे जपले त्यांनी मला. आणि मी त्या कपाटात, मित्रांनो, कोरडा पडत गेलो.

पण खेळ मात्र बघण्यासारखे होते. बाई लहानसा रेडिओ टेबलावर ठेवत. प्रत्येक मुलाच्या हातात एका इंग्रजी शब्दाची चिठ्ठी. बातम्यांत आपला शब्द ऐकू आला की टुणकन उभे राहायचे. 'रेन' वाला आणि 'मिनिस्टर' वाली बिचारी सारखी उठबस करत, आणि 'एलिफंट' वाला आठवडाभर बसूनच. कधी वर्तमानपत्रातले मथळे कापून त्यांचे तुकडे ढिगात टाकायचे आणि ज्याने त्याने नवा मथळा जुळवायचा. एकदा त्यातून 'पंतप्रधानांनी दोन अंडी घातली' अशी बातमी निघाली आणि वर्ग लोळून हसला. प्रत्येकाची एक कात्रणवही होती. महिन्याभरात मुले दुकानांच्या पाट्या वाचू लागली, औषधाच्या बाटल्या वाचू लागली. घरोघरी कौतुक झाले. रस्त्यापलीकडे गेलेली दोन मुले परत आली. मुख्याध्यापक खूश होते. बाई हसत, पण वर्ग सुटला की खुर्चीत बसून पदराने मानेवरचा घाम पुसत. रोजचा दिवस निभावला, एवढेच त्यांच्या चेहऱ्यावर दिसे.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे 'चौकशी' म्हणत. कारण तिची जीभ 'का' आणि 'कसं' यांच्याशिवाय हलतच नसे. तिची आई लाकडी फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश करायची. घरात त्या दोघी आणि एक मावशी. चौकशीची कात्रणवही सगळ्यांत जाड होती. ती घरी गेली की आईला दिसेल ते इंग्रजी वाचून दाखवी आणि आई हातातले काम थांबवून ऐके.

एका बुधवारी बाईंनी 'उलटापालट' नावाचा खेळ घेतला. फळ्यावर त्यांनी शब्दांच्या जोड्या लिहिल्या. करेक्ट म्हणजे बरोबर, इनकरेक्ट म्हणजे चूक. व्हिजिबल म्हणजे दिसणारे, इनव्हिजिबल म्हणजे न दिसणारे. "पुढे 'इन' लागला की अर्थ उलटा," बाई म्हणाल्या. "आता वर्तमानपत्रांत शोधा असे शब्द."

मुले पालथी पडून कागद धुंडाळू लागली. एकाने हात वर केला. "बाई, 'इंच' सापडला! इंच म्हणजे 'च' नसलेला!"

"आणि इन्स्पेक्टर म्हणजे स्पेक्टर नसलेला!" दुसरा ओरडला.

वर्ग खिदळला. बाईही हसल्या. "अरे, प्रत्येक 'इन' उलटा नसतो बरं का," त्या म्हणाल्या.

हे त्यांनी स्वतःच सांगितले होते, मित्रांनो. आणि पाचच मिनिटांनी चौकशी एक फोटो घेऊन उठली. रस्त्यात उलटलेल्या टँकरचा फोटो. टँकरच्या पोटावर मोठ्या लाल अक्षरांत एक शब्द.

"बाई, हा केवढा मोठा आहे! इन... फ्ले... मे... बल. इन्फ्लेमेबल. म्हणजे काय?"

बाईंनी फोटो हातात घेतला. तो शब्द त्यांनी कधी पाहिला नव्हता, हे मला त्यांच्या मानेवरच्या घामावरून कळले. पण फ्लेम म्हणजे ज्योत, हे त्यांना माहीत होते. सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. पडवीतून मुख्याध्यापकांच्या चपलांचा आवाज येत होता.

"आपणच लावू या अर्थ," त्या म्हणाल्या. "फ्लेम म्हणजे ज्योत. फ्लेमेबल म्हणजे पेटणारं. आणि पुढे 'इन' आहे. मग?"

"न पेटणारं!" वर्ग एका सुरात ओरडला.

"शाबास."

माझ्या पोटात पाचशे बाराव्या पानावर तो शब्द होता. शेजारी भिंगकाकांची लाल खूण होती. मला तोंड असते तर मी काच फोडून ओरडलो असतो.

चौकशी अजून उभीच होती. "पण बाई, पेटतच नाही तर टँकरवर लिहायचं कशाला?"

बाईंची नजर वर आली, कपाटाकडे, थेट माझ्याकडे. मग कुलपाकडे. किल्ली मागायची म्हणजे मुख्याध्यापकांना सांगायचे, की मला येत नाही. चपलांचा आवाज दाराशी आला होता.

"लोकांनी घाबरू नये म्हणून," बाई म्हणाल्या. "बस खाली."

चौकशी बसली. तिने तो फोटो वहीत चिकटवला आणि खाली नीट अक्षरांत अर्थ लिहिला. वेळ निभावली. मुख्याध्यापक दारातून हसून पुढे गेले.

अकरा दिवस काहीच झाले नाही. बाराव्या दिवशी चौकशी शाळेत आली नाही. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक दुसऱ्या सरांना सांगत वर्गात आले, तेव्हा मी ते ऐकले. कारखान्यात आग लागली होती. पॉलिशचा एक नवाच डबा आला होता, परदेशी, बिनवासाचा. चौकशीच्या आईने तो लाकूड चिकटवायचा सरस वितळवायच्या शेगडीशेजारी ठेवला. भडका उडाला. आत तेव्हा सात बायका होत्या आणि दार एकच. तिनेच पेटता डबा दोन्ही हातांनी उचलून बाहेर अंगणात फेकला. सगळ्या वाचल्या. तिचे हात मात्र कोपरांपर्यंत भाजले.

"पण एवढी जुनी कामगार, तिनं डबा शेगडीपाशी ठेवलाच कसा?" सर म्हणाले.

"तेच तर कळत नाही कुणाला. ती काही सांगतच नाही."

मला कळले होते. माझ्या अकराशे पानांत तेव्हा जे झाले, त्याला शब्द नाही.

सात दिवसांनी चौकशी आली. ती आत आली आणि जागेवर जाऊन बसली. तिने दिवसभर एकही प्रश्न विचारला नाही. शाळा सुटल्यावर सगळी मुले गेली, तरी ती थांबली आणि आपली कात्रणवही तिने बाईंच्या टेबलावर ठेवली.

"ही नको मला."

"का गं?"

"मला वाचता येत नाही, बाई."

"असं कोण म्हणालं? तूच तर सगळ्यांत छान वाचतेस."

चौकशी खाली बघून बोलू लागली. आवाज इतका बारीक, की बाई पुढे वाकल्या. "पॉलिशच्या डब्यावर काय लिहिलंय, असं आईनं विचारलं होतं. तिला जेवण द्यायला कारखान्यात गेले होते तेव्हा. मी वाचलं. न पेटणारं, म्हटलं. म्हणून तिनं तो तिथं ठेवला. ते दुसरंच काहीतरी असणार. मी चुकीचं वाचलं. आई कुणालाच सांगत नाही, मला रागवतील म्हणून."

बाईंनी खडू पुढे केला. "कसा होता तो शब्द? लिहून दाखवतेस?"

चौकशीने खडू घेतला. फळ्यावर एकेक अक्षर काढले. आय, एन, एफ, एल, ए. मध्ये दोन एम. मी मोजत होतो. अकराच्या अकरा अक्षरे आली. एकही चुकले नव्हते.

"घरी जा, बाळ," बाई म्हणाल्या. "आईपाशी बस. मी येते."

मुलगी गेली. बाई तशाच फळ्याकडे बघत राहिल्या. मग त्या मुख्याध्यापकांना घेऊन आल्या. "सर, कपाट उघडा."

"आत्ता? कशाला?"

"मला एका शब्दाचा अर्थ माहीत नाही."

किल्ली कुलपात फिरली. सहा महिन्यांनी मला वारा लागला. बाईंनी मला टेबलावर ठेवले आणि खाचेत अंगठा घातला. त्यांचे बोट पानावरून खाली सरकू लागले. ते एकेक ओळ दोनदा वाचत होते. मला वाटत होते, बाई, सावकाश. मला हेही वाटत होते, की त्या बोटाने तिथवर पोचूच नये. पण ते पोचले.

'चटकन पेट घेणारे. ज्वालाग्राही.' आणि शेजारी लाल पेन्सिलीत भिंगकाकांचे तिरके अक्षर: 'फसवा! उलटा अर्थ नाही.'

बाईंनी डोळे मिटले. मग त्यांनी मुख्याध्यापकांना सगळे सांगितले. टँकरचा फोटो, चौकशीचा प्रश्न आणि आपले उत्तर. 'येतं' म्हटले होते तेही खोटे होते, हेसुद्धा सांगितले.

मुख्याध्यापक बराच वेळ जुडग्यातल्या किल्ल्या एकेक करून सरकवत होते. वाईट माणूस नव्हता तो. पण त्यांच्या टेबलावर ते पत्र अजून होते.

"बाई, हे तुम्हाला माहीत, मला माहीत," ते शेवटी म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. आत्ता बोललात तर पालक उद्याच दाखले मागतील. शाळा जाईल."

"आणि ती पोर?"

"पोर लहान आहे. विसरेल."

"सर, ती विसरणार नाही. आईला आपण जाळलं, असं समजून ती मोठी होईल." बाईंनी मला उचलून छातीशी धरले.

"कोश शाळेबाहेर न्यायची परवानगी नाही," मुख्याध्यापक म्हणाले. पण ते दारातून बाजूला झाले.

चौकशीचे घर दोन खोल्यांचे होते. आई खाटेवर उशीला टेकून बसली होती. दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत. मावशी तिला चमच्याने पेज भरवत होती. चौकशी कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. बाईंना बघून मावशीने स्टूल पुढे केले. बाई बसल्या नाहीत.

"ताई, मी एक सांगायला आले आहे," त्या म्हणाल्या. "तुमची मुलगी चुकली नाही. तिनं अक्षर न् अक्षर बरोबर वाचलं. त्याचा अर्थ मी तिला चुकीचा शिकवला."

मावशीचा चमचा हवेतच राहिला. बाई खाली बसल्या, त्यांनी मला चौकशीच्या मांडीवर ठेवले आणि पान उघडले. चौकशीने बोट ठेवून वाचले. एकदा, दोनदा. मग मान वर केली.

"म्हणजे मी बरोबर वाचलं होतं?"

"अगदी बरोबर."

"आणि मी विचारलं होतं. टँकरवर कशाला लिहायचं, असं विचारलं होतं मी!"

"हो. तुझा प्रश्नही बरोबर होता."

चौकशी ताडकन उठली. तिने मला दोन्ही हातांनी उचलले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून भिंतीवर फेकले. माझी पाठ उकलली. पाने फरशीवर पसरली. ती किंचाळली, "मग तुम्ही बघितलंत का नाही? हे तिथंच तर होतं!" आणि सात दिवसांचे रडू एकदम आले.

मला कुणी उचलले नाही. मी पडलो होतो तिथून मला आईचा चेहरा दिसत होता. ती लेकीला जवळ घ्यायला गेली, पण हात वर होईनात. तेव्हा तिने नुसते कपाळ तिच्या डोक्याला टेकवले. मग ती बाईंकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरे, असे वाटले.

"हातांचं काही नाही. कातडी येईल. पण ही पोर सात दिवस माझ्याकडे बघत नव्हती. घास घशाखाली उतरत नव्हता तिच्या. बाई, तुम्हाला माहीत नव्हतं, तर 'माहीत नाही' म्हणायला काय झालं होतं?"

"भीती वाटली," बाई म्हणाल्या. "घरी जाऊन बघू, असं ठरवलं होतं. बघितलंही नाही. चूक निघाली तर दुसऱ्या दिवशी सांगावं लागलं असतं, म्हणून."

"जा तुम्ही आता," आई म्हणाली.

बाईंनी माझी पाने गोळा केली, पदरात घेतली आणि त्या गेल्या. क्षमा मागायला आल्या होत्या, ती मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पालकांना बोलावून सगळ्यांसमोर तेच सांगितले. मुख्याध्यापक मान खाली घालून शेजारी उभे राहिले. काही जण ओरडले, काही नुसते उठून गेले. त्या आठवड्यात नऊ मुलांचे दाखले गेले. मुख्याध्यापकांनी बाईंकडून इंग्रजी काढून घेतले. रेडिओ बंद झाला. बाई पुन्हा बालवर्गात गेल्या. रोज शाळा सुटल्यावर त्या माझ्यापाशी बसत. दाभण आणि जाड दोरा घेऊन त्यांनी माझी पाठ शिवली. टाके वेडेवाकडे आले, पण घट्ट आले. आणि शिवता शिवता त्या माझी लाल खुणांची पाने एकेक करून वाचत होत्या. शिवण पुरी झाली, तसा मी पुन्हा कुलपाआड गेलो.

दोन महिने गेले. पटाचा शेवटचा आकडा पाठवायला चार दिवस उरले होते. दुपारची वेळ होती. बाई आणि मुख्याध्यापक चौथीच्या वर्गात हजेरीपट घेऊन बसले होते. तेवढ्यात दारात चौकशीची आई उभी राहिली. हातांवर गुलाबी, ताणलेली नवी कातडी. मागे कारखान्यातल्या चार बायका, आणि त्यांच्या मागे चौकशी. आईच्या हातात एक पिशवी होती. तिने ती टेबलावर उलटी केली. डब्यांवरून, बाटल्यांवरून, खोक्यांवरून सोलून काढलेले कागद. सगळे इंग्रजी.

"कारखान्यात रोज हे येतं," ती म्हणाली. "आम्हाला वाचता यायला पाहिजे. बाईंनी शिकवावं."

मुख्याध्यापकांनी हजेरीपट मिटला. बाई उठून उभ्या राहिल्या. "ताई, मला सगळं येत नाही."

"ते माहीत आहे. म्हणूनच आले. येतं म्हणणारे पुष्कळ आहेत." आई म्हणाली. "झालेलं मी विसरलेली नाही. पण दारात येऊन स्वतःची चूक सांगणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही."

मुख्याध्यापक उठले. त्यांनी कपाट उघडले, मला बाहेर काढून टेबलावर त्या कागदांच्या ढिगाशेजारी ठेवले, आणि कुलूप खिशात घालून बाहेर गेले. ते कुलूप मी पुन्हा पाहिले नाही.

चौकशी अजून दारातच होती. आईने वळून पाहिले, पण हाक मारली नाही. बाईंनीही मारली नाही. त्यांनी ढिगातला एक कागद उचलला, वाचला आणि खाली ठेवला. "हा शब्द मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. पाचही बायका त्यांच्याकडे बघत राहिल्या.

मग पावले वाजली. चौकशी टेबलाशी आली. तिने कागद पाहिला, माझ्या कडेवरून बोट फिरवले आणि खाचेत अंगठा घातला. "थांबा," ती म्हणाली. "बघून सांगते."

शाळा वाचली का, असे तुम्ही विचाराल. त्या वर्षी वाचली. गेलेल्यांपैकी चार मुले परत आली, पट जेमतेम भरला, आणि संध्याकाळच्या वर्गाला कारखान्यातल्या अकरा बायका येऊ लागल्या. पुढचे मला माहीत नाही. चौकशी आता पूर्वीइतके प्रश्न विचारते. बाईंवर तिचा पूर्वीइतका विश्वास बसला आहे का, ते मी सांगू शकत नाही. ती त्यांनी सांगितलेला प्रत्येक अर्थ माझ्यात बघून घेते, आणि बाई तोवर थांबतात.

मित्रांनो, माझ्यासारखी पुस्तके तुमच्याही घरात, शाळेत असतील. त्यांना पॉलिशचे डाग पडू द्या, कोपरे दुमडू द्या, पाठ उकलली तर शिवून घ्या. पण त्यांना काचेआड ठेवू नका. आणि कधी एखादा शब्द अडला, सगळ्यांच्या नजरा तुमच्यावर खिळल्या, कान तापले आणि काहीतरी ठोकून द्यावेसे वाटले, तर तेव्हा जरा धीर धरा आणि पान उघडा. शोधायला एक मिनिट लागते. तेवढ्या वेळात कुणाचे काही जळत नाही.